ट्रकवाल्याची सुट्टी

२०१२ साली कॅनडात ‘हायवे थ्रू हेल’ नावाची दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली. तिचे नायक म्हणजे घाटात उलटलेले ट्रक बर्फातून ओढून काढणारे क्रेनवाले. गाव होप, प्रांत ब्रिटिश कोलंबिया आणि रस्ता तिथून वर चढणारा कोकिहाला महामार्ग. त्याच्या पाच वर्षं आधीपासून ‘आइस रोड ट्रकर्स’ ही मालिका गोठलेल्या तळ्यांवरून धावणारे ट्रक दाखवत होती. ट्रक हाच ज्यांच्या पोटापाण्याचा धंदा, अशा युरोपातल्या कितीतरी चालकांना कॅनडाच्या घाटांची पहिली ओळख झाली ती अशा मालिकांतून. मग त्यांतला एखादा सुट्टी काढतो, व्हँकुव्हरचं विमान पकडतो, मोटरहोम भाड्यानं घेतो आणि वर्षभर जे करतो तेच करायला लागतो. गाडी चालवायला.

घरच्यांनी कपाळाला हात लावला तरी या माणसाला एक गोष्ट दिसते, जी बाकीच्या पर्यटकांच्या नजरेतून निसटते. इतर लोक सरोवरं आणि हिमनद्या बघायला जातात, रस्ता त्यांच्यासाठी मधलं अंतर असतं. याला आधी रस्ता दिसतो. उतार किती, वळणावर कल कुठल्या बाजूला, अडकलेली गाडी बाजूला घ्यायला जागा आहे की नाही. पश्चिम कॅनडात रस्ता हीच सगळ्यांत बघण्याजोगी गोष्ट आहे, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ती बघायला ट्रकवाल्यासारखा वाटाड्या नाही. समजा, आपला हा पाहुणा जर्मनीतला आहे.

जर्मन ट्रकवाल्याचं आयुष्य घड्याळाला बांधलेलं असतं. साडेचार तास चालवलं की पाऊण तास थांबायचं. दिवसाला ९ तास, आठवड्यातून फार तर दोनदा १०, आणि दोन आठवडे मिळून ९० तासांच्या वर नाही. टॅकोग्राफ नावाचं यंत्र मिनिटामिनिटाची नोंद ठेवतं. गाडीला ताशी ९० किलोमीटरच्या पुढे जाऊ न देणारा गव्हर्नर असतो. रविवारी रात्री दहापर्यंत, नाशवंत मालासारखे अपवाद सोडले, तर अवजड ट्रकला रस्त्यावर यायलाच बंदी. कॅनडात त्याला वेगळाच हिशेब दिसतो. तिथं चालकाला दिवसाला १३ तास गाडी चालवता येते, आणि साठाव्या अक्षांशाच्या उत्तरेला गेलं की चक्क १५ तास. नोंद मात्र तिथंही यंत्रच ठेवतं, २०२१ पासून तसा कायदा आहे. तेरा तासांचा आकडा ऐकून पाहुण्याला आधी हेवा वाटेल आणि नकाशा उघडल्यावर कीव येईल. व्हँकुव्हरहून कॅलगरी जवळजवळ एक हजार किलोमीटर, सगळं डोंगरातून. कॅलगरीहून विनिपेग आणखी तेराशे, सगळं सपाट.

पहिल्याच पेट्रोल पंपावर त्याची मान वळते ती तिथल्या ट्रककडे. युरोपातले ट्रक नाकाशिवायचे, केबिन थेट इंजिनवर बसवलेली. इथले सगळे लांब बॉनेटचे. यामागे शैलीबिली काही नाही, कायदा आहे. युरोपात ट्रेलरसकट संपूर्ण गाडीची लांबी साडेसोळा मीटरच्या आत बसवावी लागते. मग बॉनेटला एक मीटर दिला, तर मालाचा एक मीटर गेला. कॅनडात एकटा ट्रेलरच ५३ फुटांचा, म्हणजे सोळा मीटरांहून थोडा जास्त असतो, आणि पुढे बॉनेट नि स्लीपर केबिनला भरपूर जागा उरते. पश्चिमेच्या प्रांतांत तर दोन ट्रेलर एकामागे एक जोडलेल्या ‘बी-ट्रेन’ सर्रास दिसतात. आठ एक्सल, भरल्यावर वजन साडेत्रेसष्ट टनांपर्यंत. जर्मनीत सर्वसाधारण मर्यादा ४० टनांची. गहू, लाकूड, डिझेल, सिमेंट असं जे जड ते यांच्यावर लादलं जातं. पुढे नळ्यांचा भरभक्कम कठडा लावलेला असतो, तो मूस नावाच्या अजस्र हरणासाठी. मूसचे पाय इतके लांब की मोटारीची धडक पायांना बसते आणि पाचशे किलोचं धड काचेतून आत येतं. डोळे हेडलाइटच्या झोतापेक्षा उंचावर, त्यामुळे रात्री ते चमकतही नाहीत.

व्हँकुव्हरहून निघाल्यावर फ्रेझर नदीच्या सपाट खोऱ्यातून होपपर्यंतचा प्रवास सरळसोट आहे. गंमत होपनंतर सुरू होते. कोकिहाला महामार्गाचा पहिला टप्पा १९८६ च्या मे महिन्यात, व्हँकुव्हरच्या जागतिक प्रदर्शनाचा मुहूर्त गाठण्यासाठी घाईघाईनं पुरा केला गेला. २००८ पर्यंत इथं टोल होता, मोटारीला दहा डॉलर. त्याआधी याच दरीतून १९१६ पासून एक रेल्वे जात असे. तिचा मुख्य अभियंता अँड्र्यू मॅक्युलॉक शेक्सपिअरचा वेडा. त्यानं स्टेशनांना नावं दिली ती ऑथेल्लो, लिअर, जेसिका, पोर्शिया, इयागो, रोमिओ, ज्युलिएट अशी. दरडी आणि हिमकडे यांनी रेल्वे १९६० च्या आसपास कायमची बंद पाडली, पण नावं टिकली. आज महामार्गावर त्या नावांच्या पाट्या आहेत आणि लाकूड लादलेले ट्रक इयागोवरून गुरगुरत चढतात.

घाटमाथा १,२४४ मीटरवर आहे आणि होप समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटरवर. म्हणजे माथ्यावरून होपकडे येताना साधारण पन्नास किलोमीटरांत बाराशे मीटर उतार. इथं पर्यटक खिडकीतून फोटो काढतात, आपला पाहुणा मात्र उतार सुरू होण्याआधीच्या ‘ब्रेक चेक’च्या पाटीशी थांबतो. ट्रकना इथं थांबणं सक्तीचं. मोठ्या फलकावर पुढच्या उताराचं चित्र काढलेलं असतं. कुठे किती टक्के, किती किलोमीटर, जिवावर बेतलं तर घुसायची जागा कुठे. चालक खाली उतरतो, चाकांपाशी वाकून ब्रेकचे दांडे किती बाहेर येतात ते बघतो, हवेचा दाब तपासतो, टायरवर हात फिरवतो.

हे एवढं अवडंबर कशासाठी, ते आकड्यात सांगतो. साडेत्रेसष्ट टनांची बी-ट्रेन बाराशे मीटर खाली उतरते, तेव्हा जवळजवळ ७५ कोटी जूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्या उष्णतेत नळाचं सव्वादोन टन पाणी उकळीला येईल. वाऱ्याचा आणि टायरचा विरोध त्यातला काही भाग खातो, उरलेली सगळी उष्णता इंजिन आणि ब्रेक यांच्या गळ्यात पडते. ती सगळी ब्रेकवर टाकली, तर ड्रम तापून प्रसरण पावतो आणि लायनरपासून दूर सरकतो. दांड्याला जास्त लांब ढकलावं लागतं, आणि एका टप्प्यानंतर त्याची धाव संपते. लायनरही तापला की गुळगुळीतपणे घसरायला लागतो. पाय पेडलवर पूर्ण दाबलेला, हवेचा दाब व्यवस्थित आणि तरी गाडी थांबत नाही, अशी ती अवस्था. म्हणून नियम एकच, जो आपल्याकडे खंडाळ्याच्या घाटातला जुना ड्रायव्हरही सांगेल: ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, किंवा त्याच्याही खालच्या.

इंजिनकडून ब्रेकचं काम करून घेण्याची तिथली पद्धत ऐकण्यासारखी आहे, अगदी शब्दशः. ‘जेक ब्रेक’ चालू केला की इंजिन हवा दाबतं आणि ती दाबलेली हवा पिस्टनला परत ढकलायच्या आधीच एक्झॉस्ट झडप उघडून सोडून देतं. इंजिनाचा कॉम्प्रेसर होतो आणि चाकांची ताकद त्यात खर्ची पडते. प्रत्येक वेळी हवा फाटकन सुटते, त्यामुळे दरीभर मशिनगनसारखा आवाज घुमतो. गावात शिरताना इंजिन ब्रेक वापरू नका अशा पाट्या दिसतात त्या याचसाठी. युरोपातल्या बऱ्याच ट्रकना तेलावर चालणारा, बिनआवाजाचा रिटार्डर असतो. पाहुण्याला हा गोंगाट जरा रानटीच वाटायचा.

आणि सगळं करूनही ब्रेक गेलेच, तर उताराच्या बाजूला चढावर काढलेली खडीची वाट असते. खोल, सैल खडी. ट्रक तिच्यात शिरला की चाकं रुततात आणि काही सेकंदांत गाडी थांबते. बाहेर काढायला मग मालिकेतले क्रेनवाले.

या रस्त्याचं महत्त्व किती, ते नोव्हेंबर २०२१ मध्ये कळलं. १४ आणि १५ तारखेला इतका पाऊस कोसळला की कोकिहाला वीसेक ठिकाणी तुटला, पूल वाहून गेले, आणि व्हँकुव्हरला उरलेल्या कॅनडाशी जोडणारे सगळे महामार्ग आणि रेल्वेमार्ग एकाच वेळी बंद पडले. माल अमेरिकेत शिरून वळसा घालून आणावा लागला. अवघ्या ३५ दिवसांत तात्पुरता रस्ता तयार झाला. २० डिसेंबरला तो उघडला, पण फक्त मालवाहू ट्रकसाठी. मोटारींना पुढचा महिनाभर मज्जाव होता. रस्ता मुळात कोणासाठी आहे याचं इतकं उघड उत्तर सरकारकडून क्वचितच मिळतं.

माथ्यापलीकडे मेरिट, मग कॅमलूप्स. इथल्या ट्रक थांब्यांवर पाहुण्याच्या कानावर इंग्रजीइतकीच पंजाबी पडते. पंजाबी माणूस या प्रांतात शतकभरापूर्वी लाकूड कापायला आला. अ‍ॅबट्सफर्डचा गुरुद्वारा १९११ सालचा आहे आणि आज तो राष्ट्रीय वारसास्थळ आहे. लाकडाच्या गिरण्यांतून पुढची पिढी ट्रकवर गेली. २०१६ च्या जनगणनेत व्हँकुव्हर परिसरातल्या ट्रकचालकांपैकी निम्म्याहून जास्त दक्षिण आशियाई निघाले. महामार्गालगत आता ढाबे आहेत, पराठा आणि चहा मिळतो.

या गोष्टीला एक काळी बाजू आहे आणि ती टाळून पुढे जाणं बरं नव्हे. ६ एप्रिल २०१८ रोजी सस्कॅचेवान प्रांतात एका चौरस्त्यावर ‘थांबा’ची पाटी न जुमानता दोन ट्रेलरचा ट्रक घुसला आणि हम्बोल्ट गावच्या तरुण आइस हॉकी संघाची बस त्याच्यावर आदळली. १६ जण गेले, १३ जखमी झाले. चालक भारतातून आलेला तरुण होता, या कामात जेमतेम काही आठवड्यांचा. त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. त्या वेळी तिथं साठ टनांचा ट्रक चालवायला परीक्षा लागत होती, पण ठरावीक तासांचं सक्तीचं प्रशिक्षण नव्हतं. २०१९ च्या मार्चपासून सस्कॅचेवानमध्ये १२१.५ तासांचं प्रशिक्षण बंधनकारक झालं, अल्बर्टानंही तेव्हाच नियम बदलले, ब्रिटिश कोलंबियानं २०२१ मध्ये. युरोपातल्या चालकाला पहिल्या परवान्यानंतरही दर पाच वर्षांत ३५ तास वर्गात बसावं लागतं, आणि तो त्यावर कुरकुरत असतो. हम्बोल्टची हकिगत कळल्यावर त्यानं कुरकुर थांबवावी.

कॅमलूप्सहून पूर्वेला रेव्हलस्टोक, आणि त्यापुढे रॉजर्स पास. माझ्या दृष्टीनं हा या सगळ्या प्रवासाचा कळसाध्याय. घाट १,३३० मीटर उंच, म्हणजे उंची काही फार नाही. पण प्रशांत महासागराची ओल इथल्या कड्यांवर आपटते आणि हिवाळ्यात दहा-दहा मीटर बर्फ पडतं. शंभराहून अधिक हिमकडे कोसळायच्या वाटा थेट रस्त्यावर येऊन मिळतात. १८८५ मध्ये रेल्वे इथून गेली आणि पहिल्या पंचवीस वर्षांत दोनशेहून जास्त माणसं बर्फाखाली गेली. ४ मार्च १९१० च्या रात्री एक कडा कोसळून लोहमार्ग बंद झाला. तो साफ करायला माणसं आली, तेव्हा समोरच्या डोंगरावरून दुसरा कडा आला. ५८ मेले, त्यांतले ३२ जपानी मजूर. शेवटी रेल्वेनं हार मानली आणि १९१६ मध्ये डोंगराखालून आठ किलोमीटरचा बोगदा काढून घाट सोडून दिला.

रेल्वेनं सोडलेल्या या जागेत पुढे मोटाररस्ता आणला गेला. तोवर मोटारींना कोलंबिया नदीच्या वळणानं शेकडो किलोमीटरचा खडीचा फेरा होता. सप्टेंबर १९६२ मध्ये पंतप्रधान डिफेनबेकर यांच्या हस्ते रॉजर्स पासमध्ये ट्रान्स-कॅनडा महामार्गाचं उद्घाटन झालं. हा रस्ता हिवाळ्यात चालू ठेवायची युक्ती अशी, की बर्फ कधी कोसळायचं ते बर्फानं नव्हे, माणसानं ठरवायचं. त्यासाठी लष्कर येतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून दर हिवाळ्यात कॅनडाच्या तोफखान्याचे जवान १०५ मिलिमीटरच्या हॉविट्झर तोफा घेऊन इथं मुक्काम ठोकतात. हिमतज्ज्ञ उतारावर खड्डे खणून बर्फाचे थर तपासतात. खालचा थर साखरेसारखा सुटा झाला असेल आणि वर नव्या बर्फाचा भार वाढत असेल, तर रस्ता बंद करतात. रस्त्याकडेला तोफांसाठी गोल ओटे बांधलेले आहेत. प्रत्येक ओट्यावरून प्रत्येक लक्ष्याचा कोन आधीच मोजलेला असतो, त्यामुळे रात्री, बर्फवृष्टीत, काहीच दिसत नसताना गोळा मारता येतो. स्फोटाच्या धक्क्यानं कमकुवत थर मोडतो, कडा खाली येतो, लोडर तो उपसतात, फाटक उघडतं. तेवढा वेळ रेव्हलस्टोक आणि गोल्डनला ट्रकच्या रांगा लागतात आणि चालक झोपा काढतात. अलीकडे काही उतारांवर दुरून चालवायची स्फोटयंत्रंही बसवली आहेत. उन्हाळ्यात आलेल्या पाहुण्याला यातलं काही दिसणार नाही. पण हिरव्या कुरणाशेजारचा सिमेंटचा तो रिकामा ओटा त्याच्या नजरेतून सुटू नये.

गोल्डननंतर किकिंग हॉर्स नदीची घळ. इथला शेवटचा अरुंद तुकडा २०२३ मध्ये चौपदरी झाला, ४.८ किलोमीटरना ६० कोटी डॉलर. पुढे फील्ड गावापासून जो चढ लागतो, तो खरं तर जुन्या रेल्वेचा. १८८४ मध्ये पैसे वाचवायला रेल्वेनं साडेचार टक्क्यांचा उतार काढला. लोखंडी चाक लोखंडी रुळावर असताना साडेचार टक्के म्हणजे आत्महत्या. पहिलीच कामगार गाडी ताब्यातून सुटली आणि तीन जण दगावले. मग उतारावर जागोजागी चढाकडे वळणारे फाटे बांधले. प्रत्येक फाट्यावर एक माणूस बसलेला, आणि सांधा कायम फाट्याकडेच वळवलेला. चालकानं शिटी वाजवून ‘गाडी ताब्यात आहे’ असं कळवलं, तरच तो सांधा मुख्य मार्गाकडे फिरवायचा. गाडी ताब्यातून सुटलेलीच आहे असं धरून चालायचं, खात्री पटली तरच पुढे सोडायचं. महामार्गावरच्या खडीच्या वाटांचा हाच पूर्वज. १९०९ मध्ये डोंगराच्या पोटात दोन वर्तुळाकार बोगदे काढून उतार २.२ टक्क्यांवर आणला. मग रेल्वेची जुनी वाट मोटारींना मिळाली. रस्त्यालगतच्या थांब्यावरून लांब मालगाडी स्वतःच्याच शेपटीवरून जाताना दिसते. तरीही फेब्रुवारी २०१९ मध्ये कडाक्याच्या थंडीत ब्रेकची हवा गळून इथंच एक धान्याची गाडी सुटली आणि तिच्यावरचे तिघेही कर्मचारी ठार झाले.

बॅन्फच्या राष्ट्रीय उद्यानात महामार्गाच्या दोन्ही अंगांना माणसापेक्षा उंच कुंपण आहे आणि मधेमधे रस्त्यावरून जाणारे पूल, ज्यांवर झाडं वाढलेली. हे पूल प्राण्यांसाठी. सहा वरून, ३८ खालून. अस्वलांना सवय व्हायला काही वर्षं लागली. ग्रिझली, लांडगे, एल्क यांना वरचे मोकळे पूल आवडतात, काळी अस्वलं आणि कूगर अरुंद भुयारांतून जाणं पसंत करतात. प्राण्यांशी होणाऱ्या धडका ८० टक्क्यांहून जास्त घटल्या. जगभरचे अभियंते हे बघायला येतात. ट्रकवाल्याला त्याचं कौतुक जास्त, कारण मूसच्या समोर बसायची पाळी त्याच्यावर येते.

लेक लुईजहून उत्तरेला जास्परकडे जाणारा २३० किलोमीटरचा आइसफील्ड्स पार्कवे मंदीच्या काळात, १९३१ पासून, बेकारांना काम देण्यासाठी खणायला घेतला गेला. जगातल्या सुंदर रस्त्यांच्या प्रत्येक यादीत तो असतो आणि त्यावर मालवाहू ट्रकना बंदी आहे. पाहुण्याला इथं येता आलं ते केवळ सुट्टीवर असल्यामुळे. मधल्या सस्कॅचेवान क्रॉसिंगखेरीज कुठेही इंधन नाही, तेही हिवाळ्यात बंद. मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नाही. अथाबास्का हिमनदीकडे चालत जाताना वाटेत सालांच्या पाट्या रोवलेल्या आहेत, त्या त्या वर्षी बर्फ कुठपर्यंत होतं ते सांगणाऱ्या. सव्वाशे वर्षांत हिमनदी दीड किलोमीटरहून जास्त मागे सरली आहे. जास्पर गावाचा तर सुमारे एक तृतीयांश भाग जुलै २०२४ च्या वणव्यात जळाला. २५ हजार माणसं एका रात्रीत याच डोंगरी रस्त्यांनी बाहेर काढावी लागली.

जास्परहून बहुतेक पर्यटक परत फिरतात. ट्रकवाला फिरत नाही, कारण उत्तरेला डॉसन क्रीक आहे आणि तिथं अलास्का महामार्गाचा शून्य मैल. हा रस्ता युद्धानं बांधला. डिसेंबर १९४१ मध्ये जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अमेरिकेच्या लक्षात आलं, की अलास्काला जायला जमिनीवरून वाटच नाही. मार्च १९४२ मध्ये दहा हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक कॅनडाच्या जंगलात उतरले. आठ महिन्यांत सतराशे मैलांची वाट झाली. त्यांतले साधारण एक तृतीयांश सैनिक कृष्णवर्णीय. अमेरिकी सैन्यात तेव्हा गोऱ्या-काळ्यांच्या पलटणी वेगळ्या असत, आणि अवघड काम नि वाईट यंत्रं कोणाच्या वाट्याला येत, ते सांगायला नको. ऑक्टोबरअखेर बीव्हर क्रीकजवळ दोन बाजूंनी येणारे बुलडोझर जंगलात समोरासमोर आले. एकावर कृष्णवर्णीय कॉर्पोरल रिफाइन्स सिम्स, दुसऱ्यावर गोरा शिपाई आल्फ्रेड जालुफ्का. दोघांचा हस्तांदोलनाचा फोटो तेव्हा गाजला.

त्या सैनिकांना खरा इंगा दाखवला तो जमिनीनं. उत्तरेकडची जमीन खाली कायमची गोठलेली असते आणि वरचं शेवाळ तिला दुलईसारखं झाकून ठेवतं. बुलडोझरनं शेवाळ खरवडलं, ऊन आत गेलं आणि पाहता पाहता रस्त्याचा चिखल झाला. यंत्रंच्या यंत्रं रुतली. मग शहाणपण आलं: शेवाळाला हात लावायचा नाही, त्यावर ओंडके आडवे अंथरायचे आणि वर खडी. आजही युकॉन प्रदेशाच्या पश्चिम टोकाला डांबर लाटांसारखं वरखाली होतं, दर उन्हाळ्यात दुरुस्ती निघते. वळणं काढत काढत रस्ता आता सुमारे २,२०० किलोमीटरांवर आला आहे. जुने मैलाचे दगड मात्र तसेच, त्यामुळे पाटीवरचा आकडा आणि गाडीचं मीटर कधीच जुळत नाही.

वाटेत लिआर्ड नदीकाठी गरम पाण्याचे झरे आहेत. रस्त्याकडेला रानबैलांचे कळप चरत असतात आणि डांबरावर येऊन निवांत उभे राहतात. हॉर्न वाजवून उपयोग नसतो, थांबायचं. युकॉनच्या वेशीवर वॉटसन लेक. १९४२ मध्ये इथं कार्ल लिंडली नावाच्या सैनिकाला दिशादर्शक खांब दुरुस्त करायचं हलकं काम मिळालं होतं. त्यानं घरच्या आठवणीनं एक पाटी वाढवली: डॅनव्हिल, इलिनॉय, २,८३५ मैल. मग येणारा प्रत्येक जण आपल्या गावाची पाटी ठोकू लागला. आज तिथं ऐंशी हजारांहून जास्त पाट्यांचं रान आहे, जर्मन गावांच्या वेशीवरच्या पिवळ्या पाट्याही भरपूर. त्या सगळ्या परवानगीनं आणल्या असतील, असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही.

परतीला यलोहेड महामार्गाचा प्रिन्स जॉर्ज ते प्रिन्स रूपर्ट हा तुकडा लागतो. त्याला तिथले लोक अश्रूंचा महामार्ग म्हणतात. १९६९ पासून या आणि आसपासच्या रस्त्यांवर अनेक मुली आणि बाया नाहीशा झाल्या किंवा खून होऊन सापडल्या, बहुतेक आदिवासी. पोलिसांच्या खास तपासात १८ प्रकरणं आहेत, वस्त्यांतले लोक ती संख्या कितीतरी मोठी सांगतात. परवडणारी, सोयीची बस नव्हती, गरिबी होती, म्हणून रस्त्याकडेला हात करून गाडी मागायची. सरकारी बससेवा सुरू व्हायला २०१७ उजाडलं. एवढा श्रीमंत देश, आणि साध्या बसला जवळपास अर्धं शतक. हे लाजिरवाणं आहे.

मुलगा-सून कॅलगरीला किंवा व्हँकुव्हरला असल्यामुळे आपल्यातलेही पुष्कळ लोक आता या घाटांतून गाडी चालवतात. त्यांच्यासाठी चार शब्द. १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल ब्रिटिश कोलंबियातल्या डोंगरी रस्त्यांवर हिवाळी टायर सक्तीचे आहेत, भाड्याची गाडी घेताना विचारून घ्या. निघण्याआधी ‘ड्राइव्हबीसी’ या संकेतस्थळावर घाटाचे कॅमेरे बघा. आणि उतारावर लांब ट्रक हळू चालताना दिसला, तर दुसऱ्या पट्ट्यातून ओलांडा, पण लगेच त्याच्यापुढे घुसून ब्रेक लावू नका. त्यानं समोर सोडलेलं अंतर साठ टन थांबवण्यासाठी सोडलेलं असतं.